एन-टू पास, पण फोन आला की ततपप

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू, म्हणजे वरून दुसरी पातळी पास झालेला माणूस जपानी क्लायंटसमोर गप्प कसा बसतो, असं पुष्कळ जण विचारतात. अहो, जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. लिहिण्याचीही नाही! सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत सगळे बहुपर्यायी प्रश्न. वाचा, ऐका, गोल काळा करा. मग क्लासवाले तरी दुसरं काय घोटून घेणार?

हाताने लिहिण्याची गत तर आणखी वाईट. नेहमीच्या वापरातल्या कांजींची (जपानीत वापरतात त्या चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची) सरकारी यादी २१३६ चिन्हांची आहे. कीबोर्डवर उच्चार टाइप केला की पर्याय समोर येतात, त्यातला बरोबर तो निवडायचा. ओळखता आलं की भागतं. तीच कांजी कोऱ्या कागदावर काढायची म्हटलं की भलेभले अडतात, अगदी जपानी माणसंसुद्धा.

जपानमध्ये राहून कानावर पडेल तसं शिकलेल्यांचं उलट. मित्रांशी गप्पा फर्डेदार, पण क्लायंटला ऑफिसची मेल लिहायची तर सुरुवातच सहसा 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' (आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत, अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य) याने करावी लागते, आणि पुढे सगळी आदरार्थी रूपं. ती गप्पांतून कुठून येणार?

मला वाटतं, नोकरी देणाऱ्यांनी सर्टिफिकेट बघावंच, पण सोबत पाच मिनिटं बोलून घ्यावं आणि एक छोटी मेलही लिहून घ्यावी.