जिमनंतर बर्फाच्या पाण्यात बसावं का?

पळापळी_पुणे: आमच्या जिममधे मोठा ड्रम ठेवलाय, बर्फाची लादी फोडून टाकतात आणि पोरं गळ्यापर्यंत बसतात. लेग डे नंतर जिना उतरताना मांड्या बोंबलतात म्हणून मलाही बसायचंय पण खरंच फायदा होतो का? बाबांना बीपी आहे, तेही बसतो म्हणतायत.

सातारकर: दुखणं कमी होतं हे खरं, १०-१५ डिग्रीचं पाणी, दहाएक मिनिटं बास. पण मसल वाढवायचे असतील तर वेट्सनंतर लगेच नको, २०१५ च्या एका अभ्यासात १२ आठवडे असं करणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले होते. लागोपाठ मॅचेस असतील तर गोष्ट वेगळी.

मीनामावशी: बाबांना अजिबात बसवू नकोस रे!! गार पाण्यात उतरल्या उतरल्या श्वास अडकतो, धाप लागते, बीपी आणि ठोके एकदम चढतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

सातारकर: मावशींशी सहमत. आणि मुरगळल्यावर बर्फ लावा हा १९७८ चा राइस फॉर्म्युला (आराम, बर्फ, घट्ट पट्टी, दुखरा भाग उंच ठेवणं) ज्या डॉ. गेब मर्किननी दिला त्यांनीच नंतर सांगितलं की बर्फाने बरं व्हायला उशीर लागू शकतो, ठणका थांबवायला थोडा वेळ लावला तर ठीक.

पळापळी_पुणे: बाबांचं कॅन्सल. मी वेट्सच्या दिवशी नाही, रविवारच्या लाँग रननंतर बसून बघतो, कुणीतरी सोबत असतानाच.