धान्याचा ‘जागतिक भाव’ खरंच एक असतो का?

रानवाट
गव्हाचा भाव शिकागोच्या वायदे बाजारात ठरतो आणि निर्यातदार तो फक्त पुढे सांगतो, असं सर्रास बोललं जातं. मला ते साफ अमान्य आहे. शिकागोचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरलेला भाव, हा पाया. त्यावरचा प्रीमियम आणि उधारीचं व्याज निर्यातदार गिऱ्हाईक पाहून लावतो. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला भाव चढा. कॅनडाचं गहू मंडळ 2012 पर्यंत पश्चिम कॅनडातल्या गव्हाचं एकमेव निर्यातदार होतं. सौदे गुप्त असत. देशागणिक वेगळा भाव लावून आम्ही शेतकऱ्याला जास्त मिळवून देतो, असं मंडळाची बाजू घेणारेच सांगायचे.

तराजू
गुप्त होतं म्हणजे लुबाडणूक होती असं नाही. साडेतेरा टक्के प्रथिनांचा कॅनडाचा लाल गहू आणि साडेबारा टक्क्यांचा काळ्या समुद्राकडचा गहू हे दोन वेगळे माल आहेत, भाव वेगळा असणारच. शिवाय जहाजभाडं. रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरातून इजिप्तचं अलेक्झांड्रिया जवळ, मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी बंदरांतून मात्र अख्खा अटलांटिक ओलांडायचा. अमेरिकी व्यापाऱ्याला इजिप्तमध्ये टिकायचं तर आपल्या बंदरावरचा भाव उतरवावाच लागतो. याला चुरस म्हणतात.

रानवाट
म्हणजे एका गिऱ्हाईकासाठी भाव उतरतो, हे तुम्हीच मान्य केलंत. जवळच्या, बांधलेल्या गिऱ्हाइकाला त्याच बंदरातून तोच माल देताना तेवढाच उतरतो का? माझा प्रश्न एवढाच आहे.
आणि रशियाचं काय? 2023 च्या शरद ऋतूत तिथे अघोषित किमान भाव होता, टनाला 270 डॉलर एफओबी, म्हणजे जहाजभाडं सोडून जहाजावर चढवलेल्या मालाचा भाव. इजिप्तच्या निविदेत एकामागून एक रशियन बोली याच आकड्यावर आल्या. स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आकडे असे जुळतात का?

तराजू
आकडा लावणं सोपं, टिकवणं अवघड. त्याच हंगामात इजिप्तने रोमानिया आणि फ्रान्सचाही गहू घेतला.
थायलंड आठवा. 2011 मध्ये सरकारने शेतकऱ्याकडून भात टनाला 15,000 बाहत दराने, म्हणजे बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने उचललं. हिशोब असा की सर्वांत मोठा निर्यातदार माल रोखून धरेल, मग जग झक मारत वाढीव भाव देईल. पण त्याच सप्टेंबरमध्ये भारताने बिगर-बासमतीची निर्यात खुली केली. 2012 मध्ये भारत पहिला, आणि थाई गोदामं भरलेलीच. पहिल्या क्रमांकाच्या निर्यातदारालाही भाव ठरवता आला नाही, मग कोणाला येणार?

शेवंती
धान्य आयातीची कागदपत्रं पाहण्यात माझी काही वर्षं गेली आहेत, म्हणून बोलते. तुम्ही दोघं माल आणि भाडं यावर भांडताय, पण खरा फरक पैसे कधी मिळणार यात पडतो. ऑगस्ट 2024 मध्ये इजिप्तच्या सरकारी खरेदी संस्थेने 38 लाख टन गव्हाची निविदा काढली, तिची आजवरची सर्वांत मोठी. पैसे 270 दिवसांनी. हाती लागला फक्त 2 लाख 80 हजार टन. एवढी प्रचंड गरज जाहीर केली आणि वर नऊ महिन्यांची उधारी मागितली, मग विकणारा ती जोखीम भावात धरणारच. यात मला विक्रेत्याची बदमाशी दिसत नाही. पण डॉलरची चणचण असलेल्या देशाने तोच घास महाग घ्यावा, हे मला सहन होत नाही.

तराजू
उधारीचा मुद्दा मान्य. पण मग तो व्याजाचा भाव झाला, गव्हाचा नाही. दोष निर्यातदाराला कसा द्यायचा?

रानवाट
तो फरक व्याजाएवढाच असता तर मीही गप्प बसलो असतो. बंदर तेच, प्रथिन तेच, महिना तोच, पैसे रोख, आणि तरीही एफओबी भाव वेगळा, असे दोन सौदे शेजारी ठेवून पाहता आले पाहिजेत. निविदेत सगळ्यांच्या बोली बाहेर येतात, खाजगी सौद्यात येत नाहीत. म्हणून मोठे आयातदार निविदा सोडून थेट सौद्यांकडे वळतात, तेव्हा मला काळजी वाटते. शेवंतीताई, तुम्ही पाहिलेल्या कागदांत दोन्ही प्रकारचे सौदे होते का? असतील तर त्यांतला फरक सांगा.

शेवंती
होते. रात्री सविस्तर लिहिते.