बाबांचं ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढणं) ठरलंय आणि हृदयात स्टेंट आहे. आधी काय विचारून घ्यावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा घाईने मदत हवी आहे.

बाबा ७१ वर्षांचे. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. त्यांना उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, ॲसिडिटी समजून अंगावर काढलं, मग डोळे पिवळे दिसले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये) कळलं की ८ मिमीचा एक खडा पित्तनलिकेत उतरून अडकलाय. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ईआरसीपी करून तो काढायचं ठरवलंय. पित्ताशय नंतर सर्जन काढतील.

काळजी अशी की बाबांची दोनेक वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दोन्ही चालू आहेत, शिवाय इन्सुलिन. ओपीडीत इतकी गर्दी होती की मी गोळ्यांची चिठ्ठी पुढे करेपर्यंत पुढचा पेशंट आत आलाही. हातात आला तो छापील कागद, त्यावर एवढंच की रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही. शेजारचे काका म्हणतात, रक्त पातळ करायच्या सगळ्या गोळ्या आजच बंद करा. मला ते मुळीच पटत नाहीये. बाबांची साधी एंडोस्कोपी पूर्वी झालीय, पाच-दहा मिनिटांत बाहेर आले होते. हेही तसंच असतं का?

प्रतिसाद:
ताई, मी एंडोस्कोपी विभागात बरीच वर्षं सिस्टर होते. आधी महत्त्वाचं. थंडी वाजून ताप आला किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या. अडकलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर तो फार झपाट्याने वाढतो.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका, काकांना नम्रपणे नाही म्हणा. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. कारण ईआरसीपीत नुसतं बघायचं नसतं. पित्तनलिकेचं तोंड कापून मोठं करतात, मग बलून किंवा बास्केटने खडा ओढून काढतात. त्या कापलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. गोळी थांबवणं शक्यच नसेल, तर न कापता पित्तनलिकेत तात्पुरता स्टेंट (बारीक नळी) टाकून पित्ताला वाट करून देतात आणि खडा नंतर काढतात. म्हणून आजच दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या आणि ठरेल ते लेखी घ्या.

दुसरा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना येते, बहुतेकांची सौम्य असते. ती टाळायला गुदद्वारातून औषध देतात, ते बाबांना चालेल का विचारा. घरी आल्यावर पाठीपर्यंत जाणारं जोराचं दुखणं, उलट्या, ताप किंवा काळी शी झाली तर लगेच परत न्यायचं.

उपाशीपोटी इन्सुलिन किती द्यायचं तेही विचारून ठेवा. कवळी असेल तर काढून ठेवा.

प्रतिसाद:
सिस्टर म्हणतात ते सगळं बरोबर. एक भर घालतो. आमच्या आत्याला पित्तनलिकेत प्लॅस्टिकचा स्टेंट घातला होता, पण काढायचा कधी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तो तुंबला आणि पुन्हा कावीळ झाली. हे स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढतात किंवा बदलतात. स्टेंट टाकला का आणि काढायचा कधी, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे खरंच मनापासून आभार. हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल उद्यापासून थांबवायला सांगितलंय, ॲस्पिरिन चालू. तसं त्यांनी लिहूनही दिलंय. शुगरमुळे सकाळचा पहिला नंबर मागून घेतलाय. नाहीतर बाबांना पोह्यांशिवाय दुपारपर्यंत थोपवणं कठीणच होतं.

आता एकच राहिलं. क्लोपिडोग्रेल थांबलेलंच आहे, तर पित्ताशयही त्याच ॲडमिशनमध्ये काढून घ्यावं असं मला वाटतंय. म्हणजे गोळी पुन्हा थांबवायला नको, आणि मधल्या काळात दुसरा खडा उतरायची धास्तीही नको. इंदुरात कुणी असं एकत्र करून घेतलंय का? गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी बोलायचं की आधी सर्जनला भेटायचं?