मदत हवी आहे: नवीन माणसासाठी बीसीआयचं कॅलिब्रेशन कमी कसं करायचं?

तेजू_आर
नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. ईईजीवर (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने टिपलेले मेंदूचे सिग्नल) बीसीआय करतोय, म्हणजे मेंदूच्या सिग्नलने कॉम्प्युटर चालवायची यंत्रणा, जुन्या लोकांच्या डेटावर मॉडेल ट्रेन केलंय पण नवीन माणूस बसला की सगळं ढेपाळतं, ५०% च्या आसपास येतं, मग परत मॉडेल त्याच्यासाठी जुळवायला अर्धा तास कॅलिब्रेशन करा, तोवर माणूस कंटाळतो, मान अवघडते, जेल वाळायला लागतं आणि खरं काम सुरूच होत नाही. वेगवेगळ्या लोकांचा डेटा एका मापात आणायचं अलाइनमेंट पण लावून बघितलं, उलट बिघडलं. कृपया "डेटा वाढवा" सांगू नका, तो वाढणार नाहीये. पुढच्या आठवड्यात नवीन व्यक्ती येतेय.

निरंजन_क
५०% कशाचे? दोन वर्ग (ओळखायचे पर्याय) असतील तर हा निव्वळ छापा-काटा आहे, चार असतील तर नशिबाने २५% येतात म्हणजे ५०% ठीकच म्हणायचं. पॅराडाइम (माणसाला करायला दिलेलं काम) कुठला, चॅनल (इलेक्ट्रोड) किती, कुठली अलाइनमेंट? एवढं तरी लिहा, नाहीतर सगळे अंधारात तीर मारत बसतील.

वायरलेस
सेटअपला वेळ लागतोय ना, मग जेल सोडा आणि ड्राय इलेक्ट्रोड घ्या. टोपी घातली की सुरू. केस धुवायची कटकट पण नाही.

निरंजन_क
वायरलेस, ते टोपी बसवायच्या वेळेचं बोलत नाहीयेत, मॉडेलला नवा माणूस शिकवायच्या वेळेचं बोलतायत. आणि ड्रायमध्ये इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) जास्त, डोकं हललं की सिग्नलचा कचरा, म्हणजे इकडे वाचवलेली दहा मिनिटं तिकडे ट्रायल (एकेका प्रयत्नाचं रेकॉर्डिंग) फेकण्यात जाणार.

वायरलेस
वापरणाऱ्याला वेळ तो वेळच, कुठे गेला याच्याशी त्याला काय करायचंय? रोज घरी वापरायचं असेल तर टोपीच आधी सुटसुटीत हवी, माझं मत बदलणार नाही.

तेजू_आर
दोन वर्ग. डावा हात, उजवा हात, मोटर इमॅजरी, म्हणजे हात हलवायची नुसती कल्पना. सीएसपी (दोन वर्गांतला फरक दाखवणारं चॅनलचं मिश्रण) आणि एलडीए (वर्ग ठरवणारं साधं मॉडेल), यूक्लिडियन अलाइनमेंट. ८ चॅनल. टोपी ठीक आहे, टोपीचं जाऊ द्या.

संध्या_मो
मोटर इमॅजरी कशाला? एसएसव्हीईपी करा ना. स्क्रीनवर वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणारे चौकोन, माणसाने १० हर्ट्झच्या चौकोनाकडे बघितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला १० आणि २० हर्ट्झ वर येतात, सीसीए या जुळणी मोजायच्या पद्धतीने साइन-कोसाइनशी जुळवून बघायचं, झालं. ट्रेनिंग डेटा लागतच नाही. मी तरी नवीन माणसाला बसवल्या बसवल्या सुरू करते.

तेजू_आर
ज्यांना नजर स्थिर ठेवता येत नाही त्यांच्यासाठीच आहे हे.

संध्या_मो
अहो मग हे पहिल्या ओळीत हवं होतं! तसं असेल तर पी३००चा (हवी ती गोष्ट आली की मेंदूत उमटणारी लाट) अक्षरांचा तक्ता पण अवघड, १९८८ पासून वापरात आहे पण त्यालाही अक्षरावर नजर ठेवता आली तरच तो नीट चालतो. आवाजावर चालणारं पी३०० असतं, ते बघा.

डॉ_मीरा
एसएसव्हीईपी वाचून कोणी लगेच करायला जाईल म्हणून सांगते, लुकलुकणारा प्रकाश दाखवण्याआधी फिट येण्याचा इतिहास विचारलाच पाहिजे. काही लोकांना खरोखर त्रास होतो.

कोड_कुमार
२०१८ पासून ईईजीनेट हे न्यूरल नेटवर्क आहे आणि अजून सीएसपी? सगळ्यांचा डेटा एकत्र टाका, नेटवर्क आपोआप शिकेल.

निरंजन_क
८ चॅनल आणि मोजकी माणसं, त्यात नेटवर्क माणूसच पाठ करतं. एकाच माणसाचे ट्रायल ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे विखुरले की आकडा छान दिसतो आणि नवा माणूस आला की पडतो. एक अख्खा माणूस बाजूला ठेवून तपासा, मग बोलू.

कोड_कुमार
मी तसंच तपासतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

अभय७
थोडं अवांतर, पण एवढं टोपी-जेल करण्यापेक्षा इम्प्लांटच भविष्य आहे ना? थेट न्यूरॉनमधून सिग्नल, कॅलिब्रेशनचा प्रश्नच मिटला.

डॉ_मीरा
नाही मिटत. इलेक्ट्रोड सूक्ष्म प्रमाणात सरकतात, आज ऐकू येणारा न्यूरॉन उद्या येईलच असं नाही, त्यामुळे तिथेही डिकोडर (सिग्नलचा अर्थ लावणारं मॉडेल) परत परत जुळवावा लागतो. आणि नुसता सेटअपचा वेळ वाचवायला मेंदूची शस्त्रक्रिया कोणी सुचवू नये.

वसुधा_प
तेजू, मूळ मुद्द्याकडे येऊ. अलाइनमेंट लावल्यावर फक्त नवीन माणसाचं बिघडलं की जुन्यांचंही? आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत प्रत्येक चॅनल मोजता तो) कुठला ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

तेजू_आर
जुन्यांचंही घसरलं. रेफरन्स नेहमीचाच, कॉमन अ‍ॅव्हरेज. त्याचा काय संबंध?

वसुधा_प
तोच संबंध. प्रत्येक क्षणी आठही चॅनलची सरासरी वजा केली की आठांची बेरीज कायम शून्य होते, म्हणजे आठवा चॅनल बाकीच्या सातांवरून ठरतो, नवी माहिती काहीच देत नाही. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची (चॅनल एकमेकांबरोबर किती बदलतात त्याचा तक्ता) रँक, म्हणजे स्वतंत्र दिशांची संख्या, ७ होते आणि एक आयगनव्हॅल्यू (एका दिशेतली सिग्नलची ताकद) शून्य. कॉम्प्युटरमध्ये ती अगदी शून्य येत नाही, १०⁻¹⁵ वगैरे येते. यूक्लिडियन अलाइनमेंटमध्ये त्या माणसाच्या सरासरी कोव्हेरियन्सच्या वर्गमूळाचा व्यस्त घेऊन प्रत्येक ट्रायलला गुणतो, आणि १०⁻¹⁵ च्या वर्गमूळाचा व्यस्त तीन कोटींच्या घरात जातो! म्हणजे जिथे सिग्नलच नाही त्या दिशेतला राउंडिंगचा कचरा फुगून सगळ्यावर बसतो.

अ‍ॅव्हरेज रेफरन्स काढून टाका. आठच चॅनल आणि तेही बहुतेक मोटर कॉर्टेक्सच्या (हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग) आसपास असतील, तर सरासरी वजा करताना तुम्ही हवा तो सिग्नलही थोडा वजा करताय. मग अलाइनमेंट परत लावा.

आणि या अलाइनमेंटला लेबल (कुठल्या ट्रायलला कुठला हात, ही नोंद) लागत नाहीत, नवीन माणसासाठी हीच मोठी गोष्ट आहे. त्याला अर्धा तास कोरं कॅलिब्रेशन देऊ नका, जुन्या मॉडेलवर थेट फीडबॅक देत सुरू करा, ट्रायल येतील तशी त्याची सरासरी कोव्हेरियन्स अपडेट करत जा, थोडी लेबल जमली की जुना डेटा आणि त्याचा डेटा वजन देऊन एकत्र करून श्रिंकेज एलडीए (कमी डेटावरही टिकणारं एलडीए) लावा. ऑफलाइन तपासताना मात्र पुढच्या ट्रायलची सरासरी आधी वापरू नका, प्रत्यक्षात ते ट्रायल हातात नसतात.

निरंजन_क
वसुधाताईंना अनुमोदन. चॅनलचा क्रमही बघून घ्या, सी३ आणि सी४ (डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे मोटर कॉर्टेक्सवरचे चॅनल) एका फाइलमध्ये उलटे असतील तर अलाइनमेंट काही करू शकत नाही.

डॉ_मीरा
सूचना काय देताय तेही महत्त्वाचं. "हात हलतोय अशी कल्पना करा" म्हटलं की बरेच जण मनात हाताचं चित्र बघतात. त्यापेक्षा मूठ आवळताना मनगटात ताण जाणवतो तो आठवा असं सांगा, आधी एकदा खरंच आवळू दे, अगदी जमत नसेल तर प्रयत्न करू दे. मोटर कॉर्टेक्सवरचा फरक याने जास्त स्पष्ट येतो.

तेजू_आर
आत्ता चालवलं. रँक खरंच ७ येत होती. अ‍ॅव्हरेज रेफरन्स काढून अलाइनमेंट लावली, एकेक माणूस बाजूला ठेवून तपासलं, बहुतेकांचं वर गेलं, कॅलिब्रेशनशिवाय. मनापासून आभार वसुधाताई. पण एकजण अजून ५०% वरच आहे, काही केल्या हलत नाही, त्यांचं काय करू?

वसुधा_प
ते शांत बसलेले असतानाचा सी३, सी४ चा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती ताकद त्याचा आलेख) काढा. ८ ते १३ हर्ट्झमध्ये उंचवटा आहे का?

तेजू_आर
सी४ वर थोडा आहे, सी३ वर जवळपास सपाट.

वसुधा_प
मग तिथे अलाइनमेंटचा दोष नाही. हाताच्या कल्पनेने जो म्यू (तोच ८ ते १३ हर्ट्झचा ताल) दबायला हवा तो सी३ वर मुळात नाहीच, तर दबणार काय? असे लोक बरेच असतात, साधारण १५ ते ३०% सांगितले जातात, त्यांना नापास ठरवू नका. डावा-उजवा सोडून डावा हात विरुद्ध पाय करून बघा, पायासाठी सीझेड (डोक्याच्या मध्यावरचा चॅनल) आहे ना तुमच्या आठात? १३ ते ३० हर्ट्झचा बीटा बँडही घ्या, पायाची कल्पना थांबली की तिथे बीटा उसळतो, तो म्यू नसलेल्यांमध्येही कधी कधी मिळतो.

तेजू_आर
सीझेड आहे. कल्पना थांबल्यानंतरचे दोन सेकंद मी आतापर्यंत कापून टाकत होतो, ते ठेवून उद्या रेकॉर्ड करतो आणि इथेच टाकतो.