मुखत्यारपत्रावर दूतावासाचा शिक्का कसा मिळवायचा? लवकर सांगा

शेवंती
भाऊ परदेशात आहे. जागा विकायची आहे, गिऱ्हाईक ठरलंय, विसारही घेतलाय. भावाने तिकडच्या नोटरीकडे मुखत्यारपत्र करून माझ्या नावे पाठवलं. आता घेणाऱ्याचे वकील म्हणतात, भारतीय दूतावासाचा शिक्का नसेल तर दस्त नोंदवला जाणार नाही. भावाच्या शहरात दूतावास नाही आणि विमानाने जाऊन यायला त्याला रजा मिळत नाही. इथूनच कागद दिल्लीला कुरिअर केला तर शिक्का मारून देतात का? मुदत संपत आलीये. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, गूगल माझंही करून झालंय.

पाणकावळा
देश कुठला?

कागदोपत्री
देश तर हवाच. शिवाय भाऊ अजून भारतीय नागरिक आहे की तिकडचा झाला? मुखत्यारपत्र विक्रीचं आहे की फक्त निबंधकापुढे हजर राहण्याचं? आणि नोटरीनंतर त्यावर आणखी काही केलंय का?

दर्यावर्दी
दूतावासाची लोक उगाच भीती बाळगतात. अँटवर्पला माझी बॅग पासपोर्टसकट चोरीला गेली होती. पोलिसांत तक्रार दिली, ब्रसेल्सच्या आपल्या दूतावासात गेलो, त्यांनी इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. ते एकाच प्रवासाचं असतं, सरळ भारतात यायचं, मध्येच दुसऱ्या देशात उतरून भटकता येत नाही. नवा पासपोर्ट मग इथे येऊन काढायचा. तिकिटाचे पैसे मात्र आपले आपणच भरायचे, तिथे कुणी देत नाही.

हिशेबनीस
@दर्यावर्दी, सरसकट "कुणी देत नाही" हे बरोबर नाही. 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्या कामगारांची तात्पुरती राहण्याची सोय, परतीचं तिकीट, मृतदेह भारतात आणण्याचा खर्च हे त्यातून होतं. पण खरोखर निराधार असलेल्यांसाठी आहे तो. सहलीत पाकीट मारलं गेलं म्हणून मागायला गेलात तर घरून पैसे मागवा म्हणतील.

दर्यावर्दी
तेच म्हणतोय मी. मला नाही दिले.

शेवंती
इथे माझ्या डोक्यावर मुदत आहे आणि पासपोर्टच्या गोष्टी चालल्यात. देशाने काय फरक पडतो, भारताचा दूतावास सगळीकडे भारताचाच ना? कॅनडा. भाऊ कॅल्गरीला असतो. पासपोर्ट आता कॅनडाचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आहे. मुखत्यारपत्र विक्रीचं, सगळे अधिकार मला. नोटरीशिवाय काहीही केलेलं नाही.

कागदोपत्री
फरक देशानेच पडतो. दिल्लीला कुरिअर करू नका. दिल्लीत कॅनडाचं उच्चायुक्तालय (म्हणजे दूतावासच) आहे, भारताचं कसं असेल? आपलं परराष्ट्र मंत्रालय अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावायचं सरकारी प्रमाणपत्र) करतं ते भारतात तयार झालेल्या कागदांना. कॅनडात झालेल्या सहीबद्दल त्यांनी कशाच्या जोरावर खात्री द्यायची?

आता तिकडचं. ओटावाला उच्चायुक्तालय, टोरंटो आणि व्हँकुव्हरला वाणिज्य दूतावास, म्हणजे त्याच्याच शाखा. कोणत्या प्रांताचा माणूस कुठे जाणार ते ठरलेलं असतं. अल्बर्टा व्हँकुव्हरकडे येतो, म्हणजे भावाला ओटावाला जायचं नाहीये. ओसीआय असला तरी मुखत्यारपत्र साक्षांकित करून देतात, त्याची काळजी नको. बहुतेक ठिकाणी सही अधिकाऱ्यासमोरच करायला लावतात. तेव्हा आधीचा सही केलेला कागद कपाटात ठेवा आणि सही न केलेली नवी प्रत पाठवा. अधूनमधून दुसऱ्या शहरांत शिबिरं भरवतात, भावाला तेही बघायला सांगा.

तर्कट
एवढा खटाटोप कशाला? नोंदणी अधिनियम 1908, कलम 33 उघडा. भारताबाहेर राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरी पब्लिक, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल, नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी, यांपैकी कुणाही समोर झालेलं चालतं. यादीत नोटरी पहिला आहे. त्यावर अपोस्टील लावा आणि विषय संपवा. अपोस्टीलचा 1961 चा हेग करार आपल्याला 2005 पासून लागू आहे, कॅनडाला 11 जानेवारी 2024 पासून. अल्बर्टा प्रांत स्वतःच अपोस्टील देतो. व्हँकुव्हरची वारी कशासाठी?

कागदोपत्री
कलम बरोबर आहे. ते निबंधकाच्या खिडकीवर वाचून दाखवायला तुम्ही जाणार का? कॅनडाचं अपोस्टील सुरू होऊन फार काळ झालेला नाही. त्याआधीची सगळी वर्षं कॅनडाहून येणाऱ्या कागदावर आपल्या कचेरीचाच शिक्का असायचा, लिपिकाची नजर तोच शोधते.

तर्कट
लिपिकाची नजर म्हणजे कायदा नव्हे.

कागदोपत्री
नव्हेच. पण दस्त त्याच खिडकीवर अडतो.

उंबरठा
दोन्ही करून टाका ना. आधी वाणिज्य दूतावासाचा शिक्का, वर अपोस्टील. कुणालाच बोलायला जागा राहणार नाही.

तर्कट
@उंबरठा, असं होत नाही. राजनैतिक किंवा वाणिज्य अधिकाऱ्याने केलेल्या कागदाला तो करारच लागू नाही, पहिल्याच कलमात वगळलंय. एक रस्ता धरा, नाहीतर दुसरा.

निर्यातवाला
दूतावासाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. धंदेवाल्यांनी तिथल्या वाणिज्य विभागाला जरूर मेल करावा. परदेशी गिऱ्हाईक खरोखर अस्तित्वात आहे का, त्या देशात कुठली प्रदर्शनं भरतात, आयातदार कोण, हे विचारता येतं. आमचे पैसे एका आयातदाराने अडकवले तेव्हा त्यांनी त्याला पत्र लिहिलं होतं. वसुली काही ते करत नाहीत, त्यासाठी तिकडचा वकीलच गाठावा लागतो. पण सरकारी पत्र गेल्यावर निदान फोन उचलायला लागला. आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) मागायला तिथे जाऊ नका, ते इथल्या इथेच काढायचं.

शेवंती
मी काहीही निर्यात करत नाहीये. गावची वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर माझं आणि भावाचं नाव, एवढंच विकायचंय.

हिशेबनीस
थांबा थांबा. "जागा" म्हणजे शेतजमीन? हे आत्ता सांगताय?

ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते. त्यामुळे घेणारा इथला रहिवासी भारतीय हवा, शिवाय आपल्याकडे तो शेतकरी असावा लागतो, तो दाखला बघून घ्या. आणि भाऊ अनिवासी, म्हणजे घेणाऱ्याच्या सीएला टीडीएसचं आधी विचारून ठेवा. शेतजमिनीत नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या अंतराने सगळं गणित बदलतं.

शेवंती
टीडीएस मी विचारलाच नव्हता, पण ठीक आहे. घेणारा आमच्याच गावचा शेतकरी आहे. दूतावासाचं बोला.

मोगरा
सासूबाईंचा हयातीचा दाखला आम्ही दूतावासातूनच केला, अगदी सुरळीत झालं. नोव्हेंबरात गर्दी असते तेवढं लक्षात ठेवा.

कागदोपत्री
@शेवंती, एक गैरसमज आधी काढा. दूतावास मुखत्यारपत्र तपासत नाही. सही याच पासपोर्टवाल्या माणसाने केली, एवढंच तो सांगतो. आतला मजकूर चुकला असेल तर वर अशोकस्तंभ असूनही दस्त अडेल. म्हणून मसुदा इथल्या वकिलाकडूनच घ्या. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, तुमचं पूर्ण नाव आणि निबंधकापुढे कबुली देण्याचा अधिकार हे स्पष्ट शब्दांत हवं. सातबाऱ्यावर भावाचं नाव वडिलांच्या नावासकट असेल आणि कॅनडाच्या पासपोर्टवर नुसतं नाव-आडनाव असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं मुखत्यारपत्रातच लिहून घ्या. हे राहिलं की परत व्हँकुव्हर.

तर्कट
आणि कुठल्याही रस्त्याने आलं तरी मुद्रांक विसरू नका. बाहेरच्या देशात झालेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचा असतो, मुद्रांक अधिनियमाचं कलम 18. पाकिटावरच्या तारखेचा पुरावा लागतो, कुरिअरचं पाकीट फेकू नका.

शेवंती
पाकीट आहे. आज निबंधक कार्यालयात जाऊन विचारलं. तिथले म्हणाले, अपोस्टील असेल तर आम्ही घेऊ, पण मुद्रांक आधी. वकिलांना हे सांगितलं तर ते म्हणतात निबंधक घेईल हो, माझं अशील घेणार नाही. आता काय करायचं?

तर्कट
म्हणजे अडचण कायद्याची नव्हतीच. वकिलांना कलम 33 ची प्रत द्या, लेखी उत्तर मागा.

पाणकावळा
लेखी उत्तर येईपर्यंत मुदत जाईल. घेणाऱ्याच्या जागी मीही दूतावासाचाच शिक्का मागितला असता. पैसे त्याचे चाललेत, उद्या जमीन तारण ठेवायला गेला तर बँकेचे वकील हाच प्रश्न विचारतील.

कागदोपत्री
मी म्हणेन मुदतवाढीचं दोन ओळींचं पुरवणी पत्र आजच दोघांच्या सहीने करून घ्या, मग व्हँकुव्हरची वेळ घ्या. घेणारा त्याला तयार होईल, शिक्का त्यालाच हवाय. जाताना भावाने मूळ पासपोर्ट, ओसीआय, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि जुन्या भारतीय पासपोर्टचं सरेंडर सर्टिफिकेट सोबत ठेवावं.

शेवंती
सरेंडर सर्टिफिकेट म्हणजे काय आता? ओसीआय आहे म्हटलं ना.

कागदोपत्री
जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला. ओसीआय आहे म्हणजे ते काढताना केलेलं असणार, त्याच्या फायलीत सापडेल. भावाला शोधायला सांगा आणि साक्षीदार कोण न्यायचे ते कळवा.

शेवंती
फोन केला, तिकडे रात्र आहे. मुदतवाढीला घेणारा हो म्हणालाय. साक्षीदार म्हणून भावाची बायको चालेल का?