पिस्तूल भरवशाचं आहे हे ठरवायचं कशावरून?

कोरा_कागद:
बचावासाठी जवळ बाळगायला छोटं ९ एमएम पिस्तूल घेतलंय, लायसन्स वगैरे सगळं रीतसर. रेंजवर २०० गोळ्या मारल्या, एकदाच अडकलं, रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) धुराड्यासारखी उभी राहिली. मित्र म्हणतो नवीन आहे, वापरून मोकळं होईल. पण कमरेला लावायचं म्हटलं की तीच पुंगळी डोळ्यासमोर येते. किती गोळ्या विनाअडथळा गेल्या की निर्धास्त व्हायचं?

जुनं_खोड:
आधी सांग, तेव्हा कुठलं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) लावलं होतं? आठवत नाही ना, मग आजच मार्करने प्रत्येकावर आकडा टाक. माझं दोनदा अडकलं, दोन्ही वेळा २ नंबर, खाली पडून त्याचे वरचे ओठ किंचित वाकले होते, नुसत्या डोळ्यांना कळतही नव्हतं. मी मात्र महिनाभर पिस्तुलालाच शिव्या घालत बसलो.

दुसरं म्हणजे तुझं मनगट. स्लाइड पूर्ण मागे जायला पिस्तूल घट्ट धरलेलं लागतं, हात सैल असला की सगळंच मागे ढकललं जातं, स्लाइड अर्ध्यातच थकते आणि पुंगळी चिमटते. छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी नि स्प्रिंग कडक, त्यामुळे ते जास्तच नखरे करतं. दुसऱ्या कोणाला तरी मारायला दे.

आकडेमोड:
२०० चा आकडा लोक उगाच पवित्र मानतात. २०० मध्ये एकदाही अडकलं नाही तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडकण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आहे (ढोबळ नियम, ३ भागिले २००, बस). तुझं तर एकदा अडकलंय, म्हणजे खरं प्रमाण २ टक्क्यांच्या वरही असू शकतं. आणि या गोळ्या सरावाच्या गोल टोकाच्या होत्या की जवळ बाळगणार त्याच?

कोरा_कागद:
सरावाच्या 😅 जवळ बाळगणार त्या होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, महाग म्हणून एकही मारली नाही.

आकडेमोड:
मग त्या २०० वेगळ्याच गोळ्यांचा हिशेब आहे रे. होलो पॉइंटचं तोंड बोथट, चेंबरकडे (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) चढताना काही पिस्तुलांत तिथेच अडखळतं.

साधा_माणूस:
एवढी कटकट कशाला, रिव्हॉल्वर घ्या आणि सुखाने झोपा.

जुनं_खोड:
झोपा, पण हलक्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याने शेजारच्या काडतुसातली गोळी पुढे सरकली ना, की सिलिंडर (गोळ्या बसतात तो गोल फिरणारा भाग) फिरतच नाही. पिस्तूल क्वचितच असं अडतं की मॅगझिनच्या बुडावर थाप मारून, स्लाइड ओढून सुटत नाही, सिलिंडरला मात्र जागच्या जागी इलाज नाही.

आणि अमेरिकी सैन्याच्या १९११ च्या चाचणीत कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाने ६००० गोळ्या न अडकता मारल्या हे सगळे सांगतात, दर १००० गोळ्यांनंतर ते साफ करून तेल घातलं होतं हे कोणी सांगत नाही. खिशातला कचरा घेऊन फिरणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट निराळी.

कोरा_कागद:
आज आकडे टाकून गेलो. होलो पॉइंट ५० मारल्या, सगळ्या चढल्या. सरावाच्या १०० मध्ये दोनदा अडकलं, एकदा १ नंबर, एकदा ३ नंबर, दोन्ही वेळा मी एका हाताने मारत होतो. मित्राने त्याच मॅगझिननी एका हाताने ६० मारल्या, एकदाही नाही. आता तो माझ्या मनगटावर हसतोय.