साठ कोटी डॉलरचा रग्बी संघ पापुआ न्यू गिनीला हवा होता का?

पूर्वेकडचा:
२०२८ पासून ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेत पापुआ न्यू गिनीच्या राजधानीचा, पोर्ट मोर्सबीचा संघ उतरणार आहे. नावही ठरलंय, पीएनजी (म्हणजे पापुआ न्यू गिनी) चीफ्स. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी एवढंच: रग्बीचा हा १३ जणांचा प्रकार, चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत (म्हणजे चेंडूवाल्याला सहादा पकडून पाडेपर्यंत) संधी, मग चेंडू समोरच्याकडे. १२ डिसेंबर २०२४ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीझी आणि पापुआचे जेम्स मारापे यांनी ही घोषणा केली. ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार, म्हणजे एका देशाचा करदाता दुसऱ्या देशातल्या व्यावसायिक संघासाठी खिसा रिकामा करणार.

तरी माझं मत असं की पैसा कुठल्याही हेतूने येवो, हा संघ हवाच होता. रग्बी लीगला राष्ट्रीय खेळ मानणारा जगात हा एकच देश. कोटभर लोक, ८०० हून जास्त भाषा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या राज्यांची स्टेट ऑफ ओरिजिन ही लढत असली की तिथे गावंच्या गावं टीव्हीसमोर बसतात, निकालावरून मारामाऱ्या होतात, जीवही गेलेत. परक्या देशाच्या दोन राज्यांसाठी डोकी फोडणाऱ्यांना स्वतःचा संघ मिळतोय. यात वाईट काय?

खडूस मास्तर:
वाईट काय ते सांगतो. पोर्ट मोर्सबीहून डोंगराळ भागात जायला आजही सलग रस्ता नाही. म्हणजे ज्या भागात हा खेळ सगळ्यात वेडाने खेळला जातो, तिथला माणूस विमानाचं तिकीट काढल्याशिवाय घरचा सामना बघू शकणार नाही. १० जानेवारी २०२४ ला पोलिसांच्या पगारात कपात दिसली, पोलीस कामावरून उठून गेले आणि राजधानीत लुटालूट, जाळपोळ झाली. वीसहून जास्त माणसं मेली. अशा शहरात बाहेरून येणाऱ्या खेळाडूंसाठी बंदोबस्तातली वसाहत, वर पगारावर आयकर माफ! तिथल्या नर्सला आहे का माफ?

आणि हे प्रेम आत्ताच का उतू जातंय? एप्रिल २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला, तेव्हा कॅनबेराची, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारची झोप उडाली. त्याआधी पापुआचे लोक रग्बी खेळतच होते की. तेव्हा कुणाला साठ कोटी आठवले नाहीत.

सुलक्षणा_क:
मास्तर, हिशेब नीट मांडा. सगळी रक्कम चीफ्सच्या तिजोरीत जात नाही. मोठा वाटा पापुआत आणि इतर पॅसिफिक बेटांवर शाळा-गावपातळीवरच्या खेळासाठी आहे. आणि हा संघ झाला नसता तर तेच पैसे दवाखान्यांना गेले असते, हे कुणी सांगितलं? चीनची भीती नसती तर ते आलेच नसते, हे तुम्हीच म्हणताय. मग आलेली गंगा परत कशाला पाठवायची?

दुसरी_इनिंग:
टोरोंटो वुल्फपॅक कुणाला आठवतोय का? परदेशी स्पर्धेत घुसलेल्या रग्बी लीग संघाची कथा म्हणून ती डोळ्यांसमोर ठेवा. कॅनडाचा संघ, २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत दाखल, पहिल्याच वर्षी विजेता. २०१८ मध्ये बढतीचा सामना घरच्या मैदानावर लंडन ब्रॉन्कोसकडून ४-२ असा हरले, २०१९ मध्ये फेदरस्टोनला हरवून सुपर लीग या सर्वोच्च श्रेणीत पोहोचले. लॅमपोर्ट स्टेडियममध्ये हजारोंनी लोक यायचे, आणि यातल्या बहुतेकांनी त्याआधी हा खेळ पाहिलेलाही नव्हता. मग न्यूझीलंडच्या नामांकित सॉनी बिल विल्यम्सला अवाढव्य रकमेवर आणलं. २०२० मध्ये लीगमधले पहिले सहाच्या सहा सामने हरले, कोविड आला, जुलैत संघाने अंग काढून घेतलं. नोव्हेंबरमध्ये परत घ्यायचं का यावर मतदान झालं, तर ८ विरुद्ध ४ ने नकार.

टीव्हीच्या पैशात त्यांना वाटा नव्हता, खालच्या श्रेणीत तर पाहुण्या संघांचा प्रवासखर्चही तेच करायचे. सगळा डोलारा एका मालकाच्या खिशावर. तो खिसा आटला आणि संघ गेला. चीफ्सच्या बाबतीत खिसा श्रीमंत माणसाऐवजी एका सरकारचा आहे, एवढाच फरक.

पूर्वेकडचा:
तुलना अर्धीच लागू पडते. टोरोंटोला प्रेक्षक घडवावा लागला, पोर्ट मोर्सबीला तो पिढ्यान् पिढ्यांचा आहे. १९९० मध्ये गोरोकात पापुआने ग्रेट ब्रिटनला २०-१८ हरवलं, तेव्हा मैदानात मावले नाहीत इतके लोक आले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. प्रवासाचं म्हणाल तर केर्न्सहून पोर्ट मोर्सबी दीड तासाचं विमान. सिडनीहून पर्थ त्याच्या कितीतरी पट लांब, आणि २०२७ मध्ये पर्थचाही संघ येतोच आहे. त्यावर कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

शिवाय पूर्वतयारी झालेली आहे. पीएनजी हंटर्स हा पापुआचा संघ २०१४ पासून एनआरएलच्या खालच्या पातळीवरच्या क्वीन्सलँड कपमध्ये खेळतो. २०१७ मध्ये सनशाइन कोस्टला १२-१० हरवून तो कप त्यांनी जिंकला.

खडूस मास्तर:
हंटर्सचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. हंटर्स जिंकले ते घरच्या पोरांच्या जोरावर, मायकल मरुम या घरच्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. चीफ्समध्ये हे जमणार नाही, एनआरएलची पातळी फार वरची. पहिल्या वर्षी धुलाई होऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियातले खेळाडू आणावे लागणार, त्यांच्यासाठीच ती करमाफी. पापुआचं नाव आणि सिडनीची पोरं! मग चांगले स्थानिक खेळाडू चीफ्सच्या राखीव बाकावर बसतील आणि हंटर्सही ओस पडेल.

सुलक्षणा_क:
आजवर काय होत होतं मग? पापुआचा मार्कस बाई १९९९ मध्ये एनआरएलमधल्या मेलबर्न स्टॉर्मकडून विजेता झाला, पापुआचाच जस्टिन ओलम २०२० मध्ये त्याच मेलबर्नकडून. दोघांनाही देश सोडावा लागला. राखीव बाक घराजवळ असेल तर तोही चालेल. आणि मेलबर्नसुद्धा १९९८ मध्ये पैसा ओतूनच उभं केलेलं, रग्बी लीगशी घेणंदेणं नसलेल्या शहरात. दुसऱ्याच वर्षी विजेतेपद. उलट ऑकलंडचा वॉरियर्स १९९५ पासून खेळतोय, एकही विजेतेपद नाही, तरी न्यूझीलंडमध्ये त्याच्यावर लोकांचा जीव आहे. नुसतं जिंकण्यावर सगळं ठरत नाही.

अवधूत_ठा:
दोघेही मूळ मुद्द्याला बगल देताय. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी छापलंय की पापुआने चीनशी सुरक्षा करार केला तर ऑस्ट्रेलिया निधी थांबवू शकतो आणि संघही जाऊ शकतो. उद्या मोर्सबीत नवं सरकार आलं, त्याचं बीजिंगशी सूत जुळलं, तर सामने जिंकत असलेला संघही बंद. खेळाडूने काय करायचं, परराष्ट्र खात्याचं पत्रक वाचून सराव करायचा?

पूर्वेकडचा:
ही अट मलाही आवडत नाही. पण तिची दुसरी बाजू बघा. लोकांच्या जिवाभावाचा संघ बंद करणाऱ्या सरकारला पापुआत पुन्हा मतं मागता येतील का? आणि बंद करणारं ऑस्ट्रेलियाही तिथे कायमचं बदनाम होईल. दोघांचे हात अडकलेत.

अवधूत_ठा:
अडकलेत खरे. पण त्या दोरीचं टोक कॅनबेराच्या हातात आहे.

खडूस मास्तर:
बरं, माझी पैज घ्या. २०२८ च्या पहिल्या सामन्यात सुरुवातीच्या तेरांत सहा जण पापुआचे असले तर मी विरोध मागे घेईन.

पूर्वेकडचा:
मंजूर. पण आधी ठरवा, एनआरएलमधल्या साउथ सिडनी संघाच्या अ‍ॅलेक्स जॉन्स्टनसारखे कसे मोजायचे? तो वाढला सिडनीत, पण पापुआच्या राष्ट्रीय संघाकडून खेळतो.

खडूस मास्तर:
अर्धा.

सुलक्षणा_क:
मग बाराच पुरे, मास्तर. सहा भरले.